संयुजा शून्य

ओदेसा. रात्रपाळी. बाहेर संचारबंदी,
आत जनरेटरची घरघर आणि डिझेलचा वास.
ओस्तप, हात मागे घे.
नळीवर जमलंय ते पांढरं साखरेसारखं दिसतं,
पण बोटाची कातडी तिथंच ठेवून यावं लागतं.
माझ्या डाव्या करंगळीला विचार.

इथं काम एकच : गर्दीतून एकट्याला शोधायचं.
हवेचे पंचावन्न हजार कण चाळले
तर त्यात निऑन एखादाच.
पोलादाच्या कारखान्यातून उरलीसुरली हवा यायची,
आम्ही ती थंड करत न्यायचो,
नायट्रोजन हार मानून पाणी व्हायचा,
त्याच्याही खाली, फार खाली, निऑन थिजायचा,
आणि हीलियम तसाच पुढं निघून जायचा,
मागं वळून न बघता.

ही तपासणीची नळी. दे वीज.
बघ कसा निखारा फुलला!
आता बंद कर. कुठं आहे राख?
इतकं पेटून त्याचं काही जळलं नाही.
वीज गेली, तो होता तसा.

पुस्तकात यांना राजवायू म्हणतात.
राजा कसला? राजाला सोयरिकी लागतात, सरहद्दी लागतात,
शेजाऱ्याच्या ताटातलं लागतं.
याची आतल्या खोलीत दोन माणसं,
बाहेरच्या टेबलाभोवती आठ खुर्च्या,
आठही भरलेल्या.
एक उठायला तयार नाही, नववीला जागा नाही.
सोडियमकडं एक जास्तीचा, तो दारोदार त्याला खपवतो.
क्लोरिनला एक कमी, तो हिसकावायला टपलेला.
जगातलं सगळं मीठ, सगळा गंज, सगळं रक्त
या एका जास्तीच्या आणि एका कमीच्या धडपडीतून.
निऑनचं ना घेणं, ना देणं.
संयुजा शून्य.

झेनॉनची गोष्ट निराळी. त्याचं घर फार मोठं,
ओसरीवरच्यांना आतल्या माणसाची हाक नीट ऐकू जात नाही.
बासष्ट साली, माझ्या जन्माच्या वर्षी,
प्लॅटिनम आणि फ्लोरिननं मिळून त्याला वश केलं.
आई म्हणायची, त्या वर्षी कुणाचा काही भरवसा नव्हता.
(आईला झेनॉन ठाऊक नव्हता. ती माझ्या वडिलांबद्दल बोलत असे.)

माझा यूखिम कुणाच्या अध्यात ना मध्यात.
सभेत हात वर नाही, भांडणात आवाज नाही,
शेजाऱ्याला उचलून नेलं त्या रात्री पडदा ओढून घेतला.
मी कौतुकानं म्हणायचे, माझा निऑन.
चुकलंच माझं.
तो भरलेला नव्हता, घाबरलेला होता.
दुरून दोन्ही सारखंच दिसतं.

आता तो नाही. नाझार आघाडीवर,
सून पोरांना घेऊन पोलंडात.
टेबल तेच, खुर्च्या आठ,
मी एकटी मधोमध बसून सूप पिते,
आणि दाराशी जरा खुट्ट झालं
की चमचा टाकून उठते.
निऑन उठला नसता, ओस्तप.

पोलादाच्या गावाहून लुकेरिया आली,
तिथं क्रेन चालवायची.
सोबत दोन पोरं, एक आंधळी मांजर, चुलीवरची कढई.
कढई कशाला आणलीस, मी विचारलं.
म्हणाली, हातात तीच होती.
तिला खुर्ची दिली. माझ्याच्यानं दुसरं काही झालंच नसतं,
यात पुण्य वगैरे काही नाही.
रिकामी जागा ओढते, एवढंच.
पहिल्या आठवड्यात कढईवरून भांडलोही.

तिचा कारखाना गेला, म्हणून आपला सिलिंडर येत नाही.
हे टेकलेले सतरा, एवढेच आता.
कुठल्याशा दूरच्या देशात
याच्या उजेडानं बोटाएवढ्या चकतीवर रेघा कोरतात,
ते रोज फोन करून विचारतात : कधी?
त्यांना काय सांगू?

बस, झालं. व्हॉल्व बंद कर.
हळू, अर्धा फेरा अजून.
सुटला तर परत यायचा नाही,
आणि आपण सुटलो
हे त्याला कळायचंही नाही.